जुनं लुझ स्टेडियम: एक लाख वीस हजार माणसं बसत कुठे होती?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "लिस्बनच्या बेनफिका क्लबचं जुनं स्टेडियम एक लाख वीस हजारांचं होतं म्हणतात. एवढं अवाढव्य बांधकाम २००३ मध्ये पाडून शेजारी ६५ हजारांचं का बांधलं? काँक्रीट खराब झालं होतं का? आणि त्या जागेचा इतिहास काय?"

आधी उत्तर सांगतो, मग हकिगत. स्टेडियम पडायला आलं होतं म्हणून पाडलं, असं नाही. मोडायला घेतलं त्या वर्षापर्यंत तिथे लीगचे सामने भरत होते. खरी गोष्ट अशी की एक लाख वीस हजार हा आकडा खुर्च्यांचा नव्हताच, तो पायऱ्यांचा होता. प्रत्येक माणसाला स्वतंत्र खुर्ची द्यायची असं ठरल्यावर त्या आकड्यातला तिसरा हिस्सा कागदावरच उडाला. उरलेलं बांधकाम नव्या नियमांत बसवायचं म्हणजे जुन्या वाड्याला लिफ्ट बसवण्यासारखं होतं. होतं सगळं, पण वाडाही राहत नाही आणि लिफ्टही धड चालत नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. तीसेक वर्षं काँक्रीटची बांधकामं तपासतो, त्यात मैदानांच्या गॅलऱ्या बऱ्याच आल्या. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल रक्तात आहे असं म्हणायला हरकत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की पायरीवर दोन माणसांच्या जागेत तिसरा कसा घुसतो, हे मी इंजिनीअर व्हायच्या आधीच शिकलो होतो. जुन्या लुझचं गणित समजायला त्या शिक्षणाचा फार उपयोग झाला.

पहिल्यांदा नाव. पोर्तुगीजमध्ये 'लुझ' म्हणजे प्रकाश (लिस्बनची माणसं शेवटचा 'झ' 'श' करून 'लुश' म्हणतात, आपण लुझच लिहू). त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की फ्लडलाइटवरून नाव पडलं. तसं नाही. दिवे आले १९५८ मध्ये आणि स्टेडियम उघडलं १९५४ मध्ये. जवळच कार्निद भागात 'नॉसा सेन्योरा दा लुझ' म्हणजे प्रकाशमातेचं जुनं चर्च आहे, त्यावरून त्या परिसराला लुझ म्हणत आणि परिसरावरून स्टेडियमला. कागदोपत्री नाव शेवटपर्यंत 'स्पोर्ट लिस्बोआ इ बेनफिकाचं स्टेडियम' एवढंच राहिलं. लोक मात्र लुझ म्हणत, नाहीतर 'अ कातेद्राल', कॅथेड्रल. बाहेरून खेळायला येणाऱ्यांसाठी 'लुझचा नरक' असाही एक शब्द होता.

बेनफिका १९०४ चा क्लब, पण पन्नास वर्षं त्याला हक्काचं, टिकणारं घर नव्हतं. १९२५ मध्ये अमोरेइराश भागात मैदान झालं. शहरातून बाहेर जाणारा मोठा रस्ता आणि त्याचा पूल तिथूनच जायचा ठरला आणि १९४० मध्ये ते सोडावं लागलं. मग कँपु ग्रांदे इथे महापालिकेची भाड्याची जागा मिळाली. स्टँड लाकडी होते आणि प्रतिस्पर्धी त्याला लाकडाची वखार म्हणून हिणवायचे. पोर्तुगालातला सर्वांत जास्त चाहत्यांचा क्लब आणि घर वखारीचं! हे लोकांना किती लागलं असेल, ते पुढच्या वर्गणीवरून कळतं.

१९५२ मध्ये जोआकिम फेरेइरा बोगाल्यू अध्यक्ष झाले. स्वतःचं स्टेडियम हा त्यांचा एकच हट्ट. आराखडा काढला जुआंव सिमोंइश या वास्तुविशारदाने; तो क्लबचाच जुना खेळाडू. १४ जून १९५३ ला काम सुरू झालं आणि १ डिसेंबर १९५४ ला उद्घाटन. दीड वर्षही लागलं नाही. पैसा सभासदांनी जमवला. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी सिमेंट दिलं, ज्यांना तेही जमलं नाही ते सुट्टीच्या दिवशी येऊन राबले. आपल्याकडे गावचं देऊळ बांधताना चालतं तसंच. पुढे पन्नास वर्षांनी ते पाडताना रडारड का झाली, याचं मूळ इथे आहे. ज्याच्या आजोबांनी सिमेंटची गोणी दिली, त्याला "मालमत्तेचा पुनर्विकास" हा शब्द कसा पचेल?

उद्घाटनाची तारीख मुद्दाम निवडलेली. १ डिसेंबर हा पोर्तुगालचा राष्ट्रीय सण. १६४० मध्ये याच दिवशी त्यांनी स्पेनच्या राजाची सत्ता झुगारली. आपल्या बाजूने पाहिलं तर या तारखेत एक बोच आहे. त्याच १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली होती. पुढच्या वर्षीच्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्यात महाराष्ट्रातून गेलेलेही होते. सालाझारच्या राजवटीत लिस्बन स्वतःच्या सुटकेचा सण स्टेडियम उघडून साजरा करत होतं. हे मी राग म्हणून लिहीत नाही. त्या सिमेंटमध्ये घाम गाळणारे लिस्बनचे कामगारही त्याच हुकूमशाहीखाली होते.

पहिला सामना पोर्तोविरुद्ध झाला आणि बेनफिका १–३ ने हरलं. घरभरणीलाच पाहुण्यांनी जेवण पळवलं. पण यामागे जुना हिशेब होता. दोन वर्षांपूर्वी, २८ मे १९५२ ला, पोर्तोने आपलं अंताश स्टेडियम उघडलं तेव्हा पाहुणे म्हणून बेनफिकाला बोलावलं होतं आणि बेनफिकाने ८–२ ने धुतलं होतं. म्हणजे दोघांनीही एकमेकांच्या वास्तुशांतीचं वाटोळं केलं. ही दोन्ही स्टेडियम आज नाहीत, आणि दोन्ही वर्षभराच्या आत गेली. त्यावर पुढे येतो.

सुरुवातीला लुझची क्षमता ४० हजारांची होती, दोन मजल्यांची वाटी. १९६० मध्ये त्यावर तिसरा मजला चढला, पण सगळीकडून नाही. आकडा गेला ७० हजारांवर. पोर्तुगीजमध्ये या मजल्याला 'तेर्सेइरु अनेल' म्हणतात, तिसरं कडं. बेनफिकाच्या माणसाशी बोलताना हा शब्द उच्चारून पाहा. इमारत गेली तरी क्लबच्या सामान्य चाहत्याचा आवाज म्हणजे 'तिसरं कडं', हा वापर अजून चालू आहे.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट. आधी उभ्या असलेल्या गॅलरीवर नंतर मजला चढवणं हे घरावर माळा काढण्यासारखं नसतं. वरच्या मजल्याच्या तिरक्या तुळया, ज्यांवर पायऱ्या टेकतात, त्यांचं ओझं जुन्या खांबांवर टाकता येत नाही. मूळ पायाचा हिशेबच त्यासाठी नसतो. म्हणून सहसा जुन्या वाटीच्या मागे नवे खांब, नवा पाया घेतात आणि वरचा मजला पुढे झुकवून जुन्या पायऱ्यांवर लटकता ठेवतात. प्रेक्षक त्यामुळे मैदानाच्या अंगावर आल्यासारखा बसतो, आवाज खाली कोसळतो. खेळणाऱ्याला वाटतं भिंतच ओरडते आहे. 'नरक' हा शब्द कसा तयार होतो, ते कळायला एवढं पुरे.

आणि ते कडं चढलं तेव्हाच संघही कळसाला पोचला. १९६१ मध्ये बेर्नला बार्सिलोनाला ३–२ हरवून बेनफिका युरोपचं विजेतं झालं. १९६२ मध्ये ॲम्स्टरडॅमला रेआल माद्रिदला ५–३. प्रशिक्षक हंगेरीचे बेला गुटमन. त्या संघाकडे पाहिलं तर साम्राज्याचा नकाशाच दिसतो. कप्तानी करणारा जोझे आगुआश अंगोलाचा, गोलरक्षक कोश्ता पेरेइरा मोझांबिकचा, मधल्या फळीतला कोलुना मोझांबिकचा. आणि डिसेंबर १९६० मध्ये लोरेंसु मार्केश, म्हणजे आजच्या मापुतोहून, अठरा वर्षांचा युसेबियो लिस्बनला उतरला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा युरोपचा चषक बेनफिकाच्या कपाटात होता. माझ्या एका साइटवर मडगावचा सुपरवायझर होता. त्याच्या घरात आजोबा बेनफिकाचे आणि काका लिस्बनच्याच प्रतिस्पर्धी स्पोर्टिंग क्लबचे, आणि राजकारणावर एकमत असलेली ही दोन माणसं या एका विषयावर जेवणाच्या टेबलावर बोलायची बंद व्हायची. गोव्यातल्या जुन्या घरांत हा पक्षभेद अजून सापडतो.

लुझवरच्या संस्मरणीय रात्री मोजायला बसलो तर उत्तर संपणार नाही. दोन-तीनच सांगतो. फेब्रुवारी १९६५ मध्ये रेआल माद्रिद इथे ५–१ ने हरलं. वर्षभराने, ९ मार्च १९६६ ला, तोच आकडा उलटून आला. सामन्याआधी युसेबियोला युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान मैदानावर दिला गेला आणि मग मँचेस्टर युनायटेडच्या एकोणीस वर्षांच्या जॉर्ज बेस्टने पहिल्या बारा मिनिटांत दोन गोल मारले. १–५. युरोपियन कपात तोवर बेनफिका या मैदानावर हरलेलं नव्हतं.

तिसरी रात्र मला सगळ्यांत विचित्र वाटते. नोव्हेंबर १९६९. ग्लासगोतल्या पहिल्या सामन्यात सेल्टिक ३–०, लुझवरच्या दुसऱ्यात बेनफिका ३–०. जादा वेळेतही निकाल नाही. पेनल्टी शूटआउटचा नियम अजून आला नव्हता. म्हणून पंचांनी खोलीत नेऊन नाणं उडवलं आणि सेल्टिकच्या कप्तानाचा, बिली मॅकनीलचा, कौल लागला. बाहेर पायऱ्यांवर हजारो माणसं आणि निकाल आत एका खोलीत जमिनीवर पडलेल्या नाण्यावर!

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १९८५ मध्ये तिसरं कडं पूर्ण गोल झालं आणि क्षमता एक लाख वीस हजार जाहीर झाली. युरोपातल्या सर्वांत मोठ्या मैदानांत त्याची गणना होऊ लागली. आता हा आकडा नीट बघा.

उघड्या काँक्रीटच्या पायरीवर माणूस मोजायची रीत साधी असते. पायरीची लांबी घ्यायची आणि माणशी साधारण ४५ सेंटिमीटरने भागायचं. मीही असंच मोजत आलो आहे, टेप घेऊन, खडूने खुणा करत. एका तालुक्याच्या गावी मी अशा खुणा केल्या तेव्हा तिथल्या मैदानाचे कारभारी हसले. म्हणाले, "साहेब, तुमच्या दोन खुणांत आमची तीन माणसं बसतात." त्यांचं खरंही होतं. पायरीला अंत नसतो. माणूस तिरका बसतो, पाय खालच्याच्या पाठीला लावतो, पोराला मांडीवर घेतो, नाहीतर उभाच राहतो. म्हणूनच ४ जानेवारी १९८७ ला बेनफिका-पोर्तो सामन्याला लुझवर १ लाख ३५ हजार माणसांची नोंद झाली. म्हणजे जाहीर क्षमतेपेक्षा पंधरा हजार जास्त. गंमत म्हणजे तीनच आठवड्यांपूर्वी, १४ डिसेंबरला, स्पोर्टिंगने बेनफिकाला ७–१ ने तुडवलं होतं. त्यानंतर एवढी गर्दी! बेनफिकाने तो सामना ३–१ ने जिंकला आणि त्या मोसमाची लीगही.

खुर्चीचं तसं नसतं. एका खुर्चीवर एकच माणूस. रुंदी ४५ ची किमान ५० सेंटिमीटर होते. त्याहून मोठा फरक पायरीच्या खोलीत पडतो. बसलेल्याच्या गुडघ्यासमोरून दुसऱ्याला जाता यायला हवं, म्हणून दोन रांगांत ८० सेंटिमीटर लागतात. जुन्या पायऱ्या साठ-पासष्टच्या असतात. ४५ गुणिले ६५ आणि ५० गुणिले ८० करून पाहा. माणशी जागा एक तृतीयांशाहून जास्त वाढते. वर येण्याजाण्याच्या वाटा रुंद करायच्या त्या वेगळ्याच. लुझवर नव्वदच्या दशकात सुट्या खुर्च्या बसवल्या तेव्हा १ लाख २० हजारांचे ७८ हजार झाले. एक वीटही न पाडता ४२ हजार माणसं कमी. आपल्याकडे कोलकात्याच्या सॉल्ट लेकचं हेच झालं, तेही एक लाख वीस हजारांचंच होतं. आणि वानखेडे २०११ च्या विश्वचषकासाठी नव्याने बांधलं तेव्हा पंचेचाळीसच्या घरातला आकडा ३३ हजारांवर आला, तेव्हाही लोक हेच विचारत होते की जागा गेली कुठे.

हे नियम कुणाची लहर म्हणून आले नाहीत. लुझचं कडं पूर्ण झालं त्याच १९८५ च्या मे महिन्यात ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर ३९ माणसं मेली. १९८९ मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरोवर चेंगराचेंगरी झाली, मृतांचा आकडा पुढे ९७ झाला. त्यावरच्या टेलर अहवालाने १९९० मध्ये सांगितलं की मोठ्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्च्या हव्यात. युरोपभर तोच वारा आला.

लोकांना वाटतं की स्टेडियमला धोका वजनाचा. वजन फार नसतं. एक लाख वीस हजार माणसं, सरासरी ६५ किलोची, म्हणजे ७,८०० टन. एवढ्या पसरलेल्या बांधकामाला ते काहीच नाही. आपल्या भारतीय मानकांतही गर्दीच्या ठिकाणी पक्क्या खुर्च्या असतील तर चौरस मीटरला ४ किलोन्यूटन आणि नसतील तर ५ धरायला सांगितलं आहे. म्हणजे माणसं उभी दाटू शकतात, हे मानक लिहिणाऱ्यालाही माहीत आहे. खरा ताप दोन गोष्टींचा. एक, तालावर उड्या. गोल झाल्यावर हजारो माणसं सेकंदाला दोनच्या लयीत एकत्र नाचतात, तेव्हा लटकता मजला झोपाळ्यासारखा प्रतिसाद देऊ शकतो. दुसरा, बाहेर पडणं. ब्रिटनचं 'ग्रीन गाइड' नावाचं मार्गदर्शक आहे, आमच्या धंद्यात सगळे तेच उघडतात. त्यात जिन्याच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ६६ माणसं उतरतात असं धरतात आणि आठ मिनिटांत सगळे सुटायला हवेत. म्हणजे मीटरमागे ५२८ माणसं. एक लाख वीस हजारांना २२७ मीटर रुंदीचे जिने लागतील! ६५ हजारांना १२३ मीटर पुरतात. जुन्या वाटीला, जी तीन वेगवेगळ्या काळांत, तीन वेगवेगळ्या हिशेबांनी वाढली, तिला शंभर मीटर जास्तीचे जिने कुठून फोडणार?

३० जून १९९१ ची संध्याकाळ हा लुझचा शेवटचा मोठा सण म्हणायचा. विसाखालच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, पोर्तुगाल विरुद्ध ब्राझील, १ लाख २७ हजार माणसं. फिगो, रुई कोश्ता, जुआंव पिंटो एका बाजूला. रॉबेर्तो कार्लोस, एल्बेर दुसऱ्या. सामना ०–०, पेनल्टीत पोर्तुगाल ४–२. निर्णायक पेनल्टी मारली रुई कोश्ताने, जो बेनफिकाचाच पोरगा. विसाखालच्या सामन्याला एवढी माणसं! पुढच्याच वर्षी, ६ मे १९९२ ला, याच मैदानावर युरोपियन कप विनर्स कपचा अंतिम सामना झाला. वेर्डर ब्रेमेनने मोनॅकोला २–० हरवलं आणि प्रेक्षक होते सोळा हजारांच्या आसपास. रिकामी पायरी जास्त, माणूस कमी. त्यातच आदल्या संध्याकाळी कॉर्सिकात बास्तियाच्या फुरियानी मैदानावर घाईत उभारलेला तात्पुरता स्टँड कोसळून १८ जण गेले होते. मोनॅको फ्रेंच लीगचा संघ, त्यामुळे कुणाच्याच तोंडावर उत्साह नव्हता. फुरियानीचा तो स्टँड आम्ही धडा म्हणून शिकतो. जास्त तिकिटं विकायच्या हव्यासात जे उभं राहतं त्याचं काय होतं, त्याचा.

त्यानंतर क्लबची उतरती कळा. १९९४ नंतर थेट २००५ पर्यंत लीग नाही. २०००–०१ च्या मोसमात बेनफिका सहाव्या क्रमांकावर आलं, क्लबच्या इतिहासातली सर्वांत वाईट कामगिरी. कर्ज डोक्यावर, स्टेडियम अर्धं रिकामं. अशा वेळी ऑक्टोबर १९९९ मध्ये २००४ च्या युरो स्पर्धेचं यजमानपद पोर्तुगालला मिळालं. दहा मैदानं नवी किंवा नव्यासारखी करायची होती आणि त्यासाठी सरकारी मदतही येणार होती. क्लबमध्ये खूप वाद झाला. डागडुजी करून जुनं टिकवायचं, नवं बांधायचं, की स्पर्धेतूनच अंग काढायचं, अशा तिन्ही वाटा बोलून झाल्या. शेवटी २००१ मध्ये सभासदांच्या सभेने नव्याला कौल दिला. अध्यक्ष तेव्हा मानुएल विलारिन्यु होते.

मी तिथे सल्लागार असतो तरी हाच सल्ला दिला असता. मनाला बरं वाटलं नसतं, पण दिला असता. जुन्या बांधकामाला छप्पर नव्हतंच, एखादा भाग सोडला तर. नव्या मैदानात प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर असावं, अशी अपेक्षा असते. छप्पर टाकायचं तर त्याचे खांब आणि वाऱ्याचा उचल-जोर तिसऱ्या कड्याच्या मागे नव्या पायावर न्यावा लागला असता. म्हणजे जुन्याच्या भोवती नवंच स्टेडियम बांधायचं, आणि आत जुन्याच पायऱ्या ठेवायच्या. त्या खर्चात नवं होतं.

नवं स्टेडियम जुन्याला अगदी चिकटून उभं राहायचं होतं, म्हणून जुन्याचा एक भाग आधी पाडला गेला आणि उरलेल्या वाटीत सामने चालू राहिले. लोकांना याचं आश्चर्य वाटतं की एक बाजू कापली तर बाकीचं कसं उभं राहतं. असं आहे, एवढी मोठी काँक्रीटची वाटी कधी एकसंध ओतत नाहीत. उन्हात प्रसरण पावून ती स्वतःलाच फोडेल. ठराविक अंतरावर फट सोडतात, एक्स्पान्शन जॉइंट. म्हणजे ती वाटी दिसते एक, पण असतात सुट्या खुर्च्या, एकमेकींना खेटून गोलात मांडलेल्या. एक खुर्ची उचलली तर शेजारची पडत नाही. पाडताना फक्त क्रम पाळायचा: वरचा लटकता मजला आधी, त्यातही पुढचं टोक आधी, मग मागचे खांब. उलटं केलं तर तोल जातो. लांब हाताची यंत्रं जबड्याने काँक्रीट चावत जातात, सळया बाजूला काढून भंगारात, आणि उरलेला चुरा बहुधा रस्त्याच्या नाहीतर भरावाच्या कामी येतो.

२२ मार्च २००३ ला शेवटचा सामना झाला, सांता क्लाराविरुद्ध. बेनफिका १–० ने जिंकलं, गोल सिमांवचा. एका बाजूला तुटलेलं कडं, पलीकडे नव्याचे खांब वर येत असलेले, आणि मध्ये हिरवळीवर लीगचा एक साधा सामना. पहिला सामना हरले होते, शेवटचा जिंकला. मधल्या महिन्यांत बेनफिका पाहुण्यासारखं जामोरच्या राष्ट्रीय मैदानावर वगैरे खेळलं आणि २५ ऑक्टोबर २००३ ला नवं लुझ उघडलं. उरुग्वेच्या नासियोनालविरुद्ध २–१, दोन्ही गोल नुनु गोमेशचे. ४ जुलै २००४ ला याच नव्या मैदानावर युरोची अंतिम लढत झाली आणि यजमान पोर्तुगाल ग्रीसकडून ०–१ ने हरलं. वास्तुशांतीला पाहुण्यांनी जेवण पळवायची लुझची रीत नव्या घरातही चुकली नाही.

त्याच सुमारास लिस्बनचं दुसरं मोठं मैदान, स्पोर्टिंगचं १९५६ चं जुनं अल्वालाद, तेही गेलं. नव्याच्या उद्घाटनाला, ऑगस्ट २००३ मध्ये, मँचेस्टर युनायटेडला बोलावलं होतं. अठरा वर्षांच्या क्रिस्तियानो रोनाल्दोने त्यांच्या बचावफळीला असं नाचवलं की युनायटेडने त्याला घेऊनच टाकलं. पोर्तोचं नवं द्रागांव १६ नोव्हेंबर २००३ ला बार्सिलोनाविरुद्ध उघडलं, त्या सामन्यात सोळा वर्षांचा मेसी पहिल्यांदा बार्सिलोनाच्या मोठ्या संघातून मैदानात उतरला. पण नवी हिरवळ धरली नाही, म्हणून पोर्तोला निरोप दिलेल्या अंताशवर पुन्हा परत यावं लागलं. जानेवारी २००४ मध्ये तिथला खरा शेवटचा सामना झाला आणि मग तेही पाडलं. म्हणजे पोर्तुगालच्या तीन बड्या क्लबांनी १९५० च्या दशकात बांधलेली तीन घरं एका वर्षाच्या अंतरात नाहीशी झाली. लाइरिया, आवेइरु आणि आल्गार्वची नवी मैदानं मात्र स्पर्धेनंतर गावाला झेपेनाशी झाली. मोठं बांधून ओस ठेवण्यापेक्षा ६५ हजारांवर थांबणं किती शहाणपणाचं होतं, ते तिथे दिसतं.

जुन्या लुझचं आज काय उरलंय, हेही विचारतील कुणी. युसेबियोचा ब्राँझचा पुतळा १९९२ मध्ये, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला जुन्या स्टेडियमवर बसवला होता, तो आता नव्याच्या दारात आहे. जानेवारी २०१४ मध्ये तो गेला तेव्हा लोकांनी पुतळ्याला मफलरांनी झाकून टाकलं होतं आणि त्याची शवपेटी नव्या मैदानात फिरवली. क्लबचं संग्रहालय शेजारीच आहे.

लिस्बनला गेलात तर मेट्रोच्या निळ्या मार्गाने 'कोलेजिउ मिलितार/लुझ' स्थानकावर उतरा. बहुतेक सगळे तिथून स्टेडियमकडे नाहीतर समोरच्या मॉलकडे वळतात. तुम्ही आधी उलट दिशेला लार्गु दा लुझ या चौकाकडे जा. ज्या चर्चवरून हे नाव पडलं ते तिथे आहे. बाहेरून ते अर्धंच वाटेल आणि ते खरंच अर्धं आहे. १७५५ च्या भूकंपात लोक बसायचा लांब दालनाचा भाग कोसळला, वेदीकडचा उरला. त्या उरलेल्या भागात आजही प्रार्थना होते.